जेवायला चौघं आणि फोन पण चार: समोरासमोरचं बोलणं खरंच संपतंय का?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मिस्टरांचा टॉवेलचा व्यापार आहे, सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा. रात्री जेवायला बसलो की चौघांच्या हातात चार फोन, सासूबाईसुद्धा यूट्यूबवर कीर्तन लावून बसतात. पाहुणे आले की मुलगा खोलीत जातो, मित्रांशी मात्र गेमवर तासन्‌तास बोलतो. फोन काढून घेतला तर दोन दिवस अबोला. मोबाईल आणि सोशल मीडियामुळं समोरासमोर बोलणं खरंच संपत चाललंय का, की आमचंच काही चुकतंय? आणि करायचं काय?

उत्तर:

ताई, तुम्ही सांगताय तसं चित्र माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे, त्यामुळं 'आमचंच काही चुकतंय का' हे आधी डोक्यातून काढा. मी सोलापुरात बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. नवरा-बायको येतात, कॉलेजची पोरं येतात, सुनेला घेऊन सासू येते आणि सासूला घेऊन सून पण येते. पूर्वी लोक भांडण सांगायचे, आता दाखवतात. खुर्चीत नीट टेकायच्या आत मोबाईल पुढं येतो, 'मॅडम हे वाचा, काय लिहिलंय बघा हिनं', आणि मग वर-खाली स्क्रोल करत पुरावा शोधणं चालतं, दोघं शेजारी बसलेले असतात पण एकमेकांकडं बघत नाहीत.

अशा वेळी मी काय करते ते एका जोडप्यावरून सांगते, कोण ते कळणार नाही एवढंच. बायकोनं लिहिलं होतं, 'बघ की तुला काय करायचंय ते'. ह्या एका ओळीवरून चार दिवस अबोला. मी नवऱ्याला म्हटलं, हे मोठ्यानं वाचा, तुम्हाला जसं ऐकू आलं तसं. त्यानं वाचलं, शेवटचं 'ते' असं आपटून, की मलाच राग आला. मग बायकोला म्हटलं आता तुम्ही वाचा, लिहिताना मनात जसं होतं तसं. तिनं वाचलं ते हळू, दमलेल्या आवाजात, म्हणजे बाबा तूच ठरव, मला आता काही सुचत नाही. लेकराला ताप होता, ती दवाखान्यात नंबर लावून बसली होती आणि तिथूनच टाइप करत होती. तेच सहा शब्द. नवरा म्हणाला, 'मग फोन करायचा की.' ती म्हणाली, 'केला होता, तू कट केलास.' ह्यानंतर स्क्रीनशॉटची गरज पडली नाही, खरं भांडण काय आहे ते बाहेर आलं, आणि ते मेसेजचं नव्हतंच.

ह्यावर अभ्यास पण झालाय. २००५ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही वाक्यं एकमेकांना ईमेलनं पाठवायला लावली, काही सरळ, काही टोमणा म्हणून. पाठवणाऱ्यांना वाटलं शंभरातली ७८ वाक्यं समोरचा बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात ओळखली गेली ५६. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० आली असती. आणि हीच वाक्यं आवाजात सांगितली तेव्हा पाठवणाऱ्याचा अंदाज आणि ऐकणाऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी जुळलं. ह्यातली गंमत अशी की लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज वाजत असतो त्यामुळं त्याला कधी संशयच येत नाही की समोर गेलेत ते नुसते शब्द.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. बोलणं संपतंय का? शब्द मोजले तर माणसं आज जास्तच बोलत असतील, दिवसभर टाइप करतात, व्हॉइस नोट टाकतात, पोरं गेमवर ओरडत असतात. कमी झालंय ते बोलण्याच्या आजूबाजूचं. आपण बोलतो तेव्हा समोरचा 'हं', 'मग?', 'अगं बाई' म्हणत असतो, भुवया वर करतो, हातातलं काम थांबवतो, आणि त्या जोरावर आपण पुढचं वाक्य बोलतो. २००९ मधे जगातल्या १० भाषांचा एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की एकानं बोलणं संपवलं की दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सुरू होतो. एवढ्या कमी वेळात उत्तर शोधून बोलणं शक्यच नाही, म्हणजे समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपली तयारी झालेली असते, आणि ती होते त्याच्याकडं लक्ष असलं तरच. आपल्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमधे कधी गेलात तर बघा, त्या खडखडाटात शब्द कानापर्यंत येतच नाहीत, कानाशी ओरडावं लागतं, तरी कामगार दिवसभर एकमेकांशी बोलत असतात, हातानं, भुवयांनी, ओठांकडं बघून. एक शब्द न ऐकता संवाद होतो पण नजर वळल्याशिवाय होत नाही.

फोन नेमकी ही नजर काढून घेतो. तुम्ही सांगायला लागता, 'आज बँकेत काय झालं माहितीये का', समोरचा मान खाली घालूनच 'हं' म्हणतो, ते 'हं' अर्धा सेकंद उशिरा येतं, आणि तुम्ही पाच वाक्यांची गोष्ट दोन वाक्यांत संपवता. असं चार-पाच वेळा झालं की सांगायचंच सोडून देता. त्यावरून भांडण होत नाही, तक्रार होत नाही, कुणाला काही कळतही नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायका म्हणतात 'बोलणंच होत नाही', आणि नवरे खरंच चकित होतात, 'अहो मी घरातच तर असतो, विचार की हिला'. दोघं खरं बोलत असतात.

अजून एक गोष्ट आहे जिचा फार कमी लोक विचार करतात. पूर्वी वडील पेपर तोंडासमोर धरून बसायचे तेव्हा पण ते बोलत नव्हतेच, उगाच जुन्या दिवसांचं कौतुक नको. पण पेपर वाचतायत हे सगळ्यांना दिसायचं, पान संपलं की संपलं, मधेच काही विचारता यायचं, पेपरची मागची बाजू आपण वाचायचो. फोनमधे माणूस काय करतोय ते बाहेरून दिसत नाही. पार्टीला पेमेंटचं विचारतोय, रील बघतोय, की कुणाशी गप्पा मारतोय, बाहेरून तेच वाकलेलं डोकं. मग शेजारी बसलेला माणूस रिकामी जागा आपल्या मनानं भरतो, आणि मन दुखावलेलं असेल तर वाईटच भरतो. म्हणून मी सगळ्या जोडप्यांना एक फालतू वाटणारी सवय लावायला सांगते: दुसऱ्यासमोर फोन उचलला की काय करतोय ते तोंडानं सांगायचं. 'ओटीपी आलाय, एक मिनिट.' 'इचलकरंजीच्या पार्टीला उत्तर देतो आणि ठेवतो.' रील बघत असलात तर तेही सांगा, 'डोकं दुखतंय, दहा मिनिटं काहीतरी बघतो.' बऱ्याच घरांत अर्धी कुरकुर ह्यानंच कमी होते, आणि गंमत म्हणजे मोठ्यानं सांगायचं म्हटलं की माणूस फोन उगाच उचलतच नाही.

आता रीलवर जे दावे फिरतात त्याबद्दल पण बोलते, कारण तुमच्यासारख्या बायका ते बघून घाबरून येतात. 'टेबलावर नुसता फोन ठेवला तरी नातं तुटतं' वगैरे. मूळ अभ्यास खरा आहे, २०१३ मधे इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की दोन अनोळखी माणसं बोलत असताना शेजारी फोन दिसला तर जवळीक थोडी कमी वाटते. पण नंतर दुसऱ्यांनी तसंच करून बघितलं तर तसं निघालं नाही. २०१८ मधे कॅनडात ३०० पेक्षा जास्त लोकांना आपापल्या मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला पाठवलं, काहींचे फोन टेबलावर, काहींचे बाजूला ठेवलेले. फोन टेबलावर असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि मजा कमी आली, पण थोडीच कमी. माझा अनुभव पण साधारण असाच आहे. एका जेवणाला एक फोन म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. रोज, दोन्ही जेवणांना, वर्षानुवर्षं, त्याचा हिशेब वेगळा.

आणि फोनला सरसकट शिव्या पण घालू नका. २०१२ मधे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ७ ते १२ वर्षांच्या मुलींना आधी ताण येईल असं काम दिलं, सगळ्यांसमोर बोलणं, गणितं सोडवणं, मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना फोनवर आईशी बोलू दिलं, काहींना फक्त मेसेज करू दिले. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींचा ताण उतरला, शरीरातली हार्मोन्स मोजली त्यात दिसलं. मेसेजवाल्या मुलींचं शरीर मात्र आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारखंच राहिलं. म्हणजे आवाज काम करतो. आपल्याकडं निम्म्या घरांतली पोरं पुण्यात आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून जाणारी, त्यांच्यासाठी आईचा रात्रीचा कॉल म्हणजे चैन नाही. नवीन सून माहेरी बोलते त्यावर सासू कुरकुरते तेव्हा मी सासूला हेच सांगते, बोलू द्या, तुमच्याच घरात शांतता राहील. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना व्हिडिओ कॉलनं तर खुणांच्या भाषेत लांबून बोलता यायला लागलं. तेव्हा कॉल, मेसेज आणि तासन्‌तास अंगठा फिरवणं ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, घरात भांडताना तिन्हीला मिळून 'सारखा मोबाईल' म्हणू नका, समोरचा लगेच वकिली करायला लागतो.

आता सासूबाईंचं. हे मी मुद्दाम मुलाच्या आधी घेतेय. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, त्याआधी डेटा जपून वापरायची गोष्ट होती, मिस्ड कॉल देऊन निरोप चालायचे. त्यानंतर चार-दोन वर्षांत आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात स्मार्टफोन आला, आणि खरं सांगू का, घरात सगळ्यात एकटं कोण असेल तर तेच. विडी वळणाऱ्या बायकांमधे मी हा बदल फार जवळून बघितलाय. पूर्वी चौघी-पाचजणी एका पडवीत बसायच्या, मांडीवर सूप, ओली केलेली पानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, हात आपोआप चालायचे आणि तोंड मोकळं. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या नवऱ्याचं काय, कुणाला कर्ज हवंय, तिथंच सगळं कळायचं आणि तिथंच निम्मं मिटायचं, अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत. आता बऱ्याच घरांत बाई एकटी बसते, समोर डब्याला टेकवून फोन, त्यावर मालिका नाहीतर कीर्तन. हात तेवढेच चालतात. मी एकीला विचारलं, बायका का येत नाहीत गं आता, तर म्हणाली 'ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं लागलेलं असतं की'.

तुमच्या सासूबाई जेवताना कीर्तन लावतात त्याचं कारण बहुतेक हेच आहे, ताटाभोवती दुसरं कुणी बोलत नाही. त्यांचा फोन बंद करायला लावू नका, त्यांना विचारा काय ऐकलं आज बुवांकडून. पहिल्या दिवशी त्या एका वाक्यात सांगतील. आठवड्यानं अख्खं आख्यान सांगतील आणि तुम्हाला वाटेल कुठून विचारलं, पण चालेल.

मिस्टरांचं अवघड आहे कारण त्यांचं खरंच काम आहे. टॉवेल, चादर, युनिफॉर्म, सगळ्या व्यापाऱ्यांच्या बायका हेच सांगतात, 'ऑर्डर आहे म्हणतात, मग काय बोलणार'. माझं म्हणणं असं की नऊ वाजता आलेल्या ऑर्डरला साडेनऊला उत्तर दिलं तर पार्टी पळून जात नाही, आणि ज्या पार्टीला रात्री नऊलाच उत्तर हवं ती फोन करते. त्यांना सांगा, व्यापाराचा नंबर वेगळ्या फोनवर घ्या, किंवा निदान जेवताना रिंग चालू आणि मेसेज बंद. तातडीचं असेल त्याचा फोन येईलच. आणि हे त्यांना मुलासमोर सांगू नका, आधी एकट्यात सांगा. आणि हो, हे उत्तर त्यांना फॉरवर्ड पण करू नका, वाचतायत की नाही ह्यावरूनच नवीन भांडण होईल. चहा घेताना वाचून दाखवा.

कारण मुलाचा प्रश्न वडलांपासून सुरू होतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, त्यांनी ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवायला सुरू केलं, भोंगा वाजला की दीड तास सगळ्या घरांत टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, साडेआठला परत भोंगा. पोरांनी अभ्यास करावा, माणसांनी वाचावं, बोलावं. सुरुवातीला आशाताई, शिक्षक घरोघरी जाऊन बघायचे. आपल्या सोलापूरला भोंगा काही नवीन नाही, गिरण्या होत्या तोवर अख्खं गाव भोंग्यावर उठायचं. वडगावचं मला काय पटतं तर तिथं नियम सगळ्यांना एकच आहे. पोराला 'ठेव तो मोबाईल' म्हणणारा बाप स्वतः मोबाईल हातात धरून म्हणत नाही. तुमच्या घरी भोंगा नको, पण फोनची एक जागा ठरवा, फ्रिजवर नाहीतर दाराजवळच्या कपाटात, जिथं चार्जर आहेत, आणि जेवणाच्या वेळी चारही फोन तिथं. चारही म्हणजे चारही. तीन ठेवून एक 'कामाचा' हातात राहिला की नियम मेला म्हणून समजा.

आणि जेवणाइतकीच महत्त्वाची दुसरी वेळ आहे, कुणी बाहेरून घरात येतं ती. दुकानातून, शाळेतून, क्लासमधून. त्या पहिल्या दहा मिनिटांत कुणी मान वर करून बघितलं की नाही ह्यावर माणूस संध्याकाळभर कसा वागेल ते ठरतं, हे मी अगदी ठामपणे सांगते. मुलगा क्लासमधून येतो तेव्हा तुम्ही कुठं बघत असता ते ह्या आठवड्यात नुसतं लक्षात ठेवा.

आता तो पाहुण्यांसमोर का येत नाही. तो बोलायला विसरलाय असं अजिबात नाही. गेमवर हेडफोन लावून तो चौघांशी एकाच वेळी बोलतो, आदेश देतो, टोमणे मारतो, 'काय करलालास बे, मागं बघ की' चालू असतं. तिथं बोलायला विषय समोर आहे, चेहरा वाचावा लागत नाही, आणि नको वाटलं की बाहेर पडता येतं. पाहुण्यांसमोर ह्यातलं काहीच नाही. आणि पाहुणे तरी काय विचारतात हो, कितवीला आहेस, नववीला किती टक्के पडले, पुढं काय करणार, आमच्या पिंट्याला तर ९४ पडले. मी पण खोलीत गेले असते. कॉलेजात मी मुलाखतीच्या तयारीचे वर्ग घेते तिथं हेच दिसतं, पोरं हुशार आहेत, पण समोरचा गप्प बसला की ती शांतता त्यांना सहन होत नाही, हात खिशाकडं जातो. दुकानात विचारायचं तर ॲप, रस्ता विचारायचा तर मॅप, वाढदिवसाला स्टेटस, म्हणजे अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायचा सराव होणार कधी?

सराव दिला तर येतं का? येतं. २०१४ मधे कॅलिफोर्नियात साधारण ५० मुलांना पाच दिवस शिबिराला नेलं, कुठलाही स्क्रीन नाही, आणि आधी-नंतर त्यांना चेहऱ्यांवरचे भाव ओळखायला दिले. घरी राहिलेल्या मुलांपेक्षा शिबिरातली मुलं जास्त सुधारली. आता शिबिर म्हटलं की खेळ, मित्र, भटकणं सगळंच आलं, त्यामुळं सुधारणा नुसती फोन नसल्यामुळं झाली असं मी म्हणणार नाही. पण पाच दिवसांत फरक पडतो हे आई-वडलांनी ऐकण्यासारखं आहे.

मुलासाठी तुम्ही एवढं करा. पाहुणे येणार असतील तर आधी सांगा, 'पाणी तू आणून दे, पाच मिनिटं बस, मग गेलास तरी चालेल', आणि पाच मिनिटांनी खरंच जाऊ द्या, 'बस की अजून' करू नका. पाहुण्यांनी टक्के विचारले तर विषय तुम्ही बदला. त्याला अशी कामं सांगा ज्यात बोलावंच लागतं, एसटी स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीची चौकशी, गिरणीत दळण देताना बारीक-जाड सांगणं, मामाला फोन करून सणाला बोलावणं. मेसेज नाही, फोन. आणि त्याच्याशी बोलायचं असेल तर समोर बसवून 'मला तुझ्याशी बोलायचंय' म्हणू नका, त्या वाक्यानं मोठी माणसं पण घाबरतात. वयात आलेली मुलं शेजारी बसून, समोर बघत जास्त बोलतात. गाडीवर मागं बसवून होटगी रोडला चक्कर, कंबर तलावाला एक फेरी, डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला नेलं तर आगटीभोवती कणसं चोळताना जे बोलतो ते घरी महिनाभर बोलत नाही. कारण हात कामात असतात, नजर आगीकडं असते, आणि हुरडा खाताना फोन धरायचा कशानं.

एकदा त्याच्या गेमशेजारी पण बसा. शिकव म्हणा. तुम्हाला काही कळणार नाही, तो हसेल, हसू द्या.

घरात लहान मूल येत-जात असेल, नणंदेचं वगैरे, तर त्याबद्दल थोडक्यात. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आईला बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवून बसायला सांगितलं होतं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, मग रडवेलं होतं, तोंड फिरवतं. २०१८ मधे हाच प्रयोग आईच्या हातात फोन देऊन केला तर बाळं तशीच अस्वस्थ झाली. फोन दाखवत भरवणं तर आता इतकं पक्कं झालंय की आया म्हणतात त्याशिवाय खातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे सांगितलंय की एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. भरवताना तर बाळाला आपला चेहरा लागतो.

सोशल मीडियाचं वेगळं सांगायला हवं कारण तिथं दुसरंच काहीतरी होतं. व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या नोव्हेंबर २०१४ मधे, आणि माझ्याकडं 'बघून उत्तर दिलं नाही' ही नवीनच तक्रार सुरू झाली. पण मला जास्त खुपतं ते भेटायला जाणं. कुणी गेलं की ग्रुपवर दहा मिनिटांत चाळीस 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडतात, तोच हात जोडलेला फोटो, आणि मग दहा दिवसांत दारात येणारी माणसं कमी. मेसेज टाकला की आपण कर्तव्य केलं असं मनाला वाटतं, जायची ओढ कमी होते. ज्याच्या घरी झालंय त्याला चाळीस मेसेज आठवत नाहीत, कोण येऊन काही न बोलता अर्धा तास बसलं ते आठवतं, माझ्यासमोर बसून लोक तेच सांगतात. लग्नाच्या पत्रिकेचं पण तसंच, पूर्वी घरी जाऊन अक्षता ठेवून आमंत्रण द्यायचं तेव्हा दोन वर्षांचा अबोला त्या निमित्तानं सुटायचा, आता पीडीएफ येते आणि अबोला तसाच राहतो. माझा सल्ला, मयताला आणि आमंत्रणाला मेसेजवर भागवू नका, मुलाला पण बरोबर न्या. काय बोलायचं हे त्याला शिकवायची गरज नाही, तो बघून शिकेल.

आणि फोननं समोरच्याबद्दलचं मत भेटीआधीच बनवून ठेवलं तर काय होतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात पाच जणांना जमावानं मारून टाकलं. बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, भिक्षा मागून जगणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हिडिओ त्याआधी व्हॉट्सॲपवर फिरत होते. ती माणसं समोर उभी होती, बोलत होती, ऐकून कुणी घेतलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. घरातला संशय एवढ्या टोकाला जात नाही, पण जाऊबाईचं स्टेटस बघून 'हे मलाच उद्देशून आहे' असं ठरवून सहा महिने न बोलणाऱ्या बायका मी कितीतरी बघितल्या. विचारलं का तिला, म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'विचारायचं काय त्यात, दिसतंय की'.

म्हणून भांडणाचा नियम घरात आजच करा: रागाचं काही टाइप करायचं नाही. राग आला तर एवढंच लिहायचं, 'आठ वाजता घरी बोलू', आणि आठ वाजता खरंच बोलायचं. वेळ लिहायची, कारण नुसतं 'नंतर बोलू' म्हणजे समोरच्याला दिवसभर जाळणं. बाहेरगावी असलात तर कॉल करा, व्हिडिओ नसला तरी चालतो. पैशाचं, माहेर-सासरचं, मुलाच्या मार्कांचं, ह्या तीन विषयांवर मेसेज अजिबात नको.

आता फोन काढून घेण्याबद्दल. दहावीच्या वर्षात सगळे आई-वडील हेच करतात आणि मग माझ्याकडं येतात. अचानक काढून घेतलात की त्याचे मित्र पण काढून घेतलेत, कारण त्याचं सगळं मैत्रीचं जग त्यात आहे, तो रुसणारच. त्यापेक्षा रात्री दहानंतर फोन त्या चार्जरच्या जागेवर, सगळ्यांचेच, आणि गेमची वेळ त्याच्याशी बसून ठरवा, त्याला पण दोन गोष्टी मान्य करून घेऊ द्या. पहिले आठ-दहा दिवस जेवताना भयाण शांतता असेल, तेव्हा कुणीतरी म्हणेल 'ह्यापेक्षा फोन बरा होता'. घाबरून लगेच प्रश्न विचारत सुटू नका. शेंगाचटणी वाढा, तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा, चूक झालेली असेल तर उत्तम, कारण आईची फजिती ऐकायला दहावीतल्या पोराला फार आवडते.

महिना-दीड महिना असं करून बघा. त्यात तो जेवायला येत असेल, मित्रांना प्रत्यक्ष भेटत असेल, झोप नीट असेल, तर पाहुण्यांसमोर येत नाही ह्याची काळजी सोडा, तो त्या वयाचा स्वभाव आहे. पण रात्र-रात्र जागत असेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, जुन्या मित्रांना पण टाळत असेल, खाणं कमी झालं असेल, किंवा फोनवर काहीतरी बघून दचकत, लपवत असेल, तर हा बोलण्याचा प्रश्न नाही, तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका. समुपदेशकाकडं नाहीतर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या, आणि लगेच जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालेल, मुलालाच बोलायला हवं असं काही नाही.